साथीच्या जागेवरून : पं. तुळशीदास बोरकर आणि पेटीची विद्या



बॅरिस्टर नाथ पै यांच्या स्मरणार्थ कट्टा पंचक्रोशीत बोलायचं म्हटलं की विषय लोकशाहीचा, शेतीमच्छीचा, कोकणातल्या रोजगाराचा असावा अशी अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. मी आज एका पेटीवादकाबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव पंडित तुळशीदास बोरकर. १८ नोव्हेंबर १९३४ रोजी ते गोव्यातल्या बोरी गावी जन्मले आणि २९ सप्टेंबर २०१८ रोजी गेले. त्यांना २००५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१६ साली पद्मश्री मिळाली. हे सगळं कुठल्याही मृत्युलेखात सापडेल. माझं म्हणणं मृत्युलेखात न मावणारं आहे. ते असं की पेटीवादकाची कारकीर्द त्याच्या मैफलींच्या यादीवरून मोजली तर चुकीचं माप लागतं. त्याच्या हाताखालून कोणते हात तयार झाले, हे पाहिलं पाहिजे. आणि तसं पाहिलं तर बोरकरांचं काम आपल्या या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या सार्वजनिक कामाच्या तोडीचं ठरतं.

हा विषय इथेच मांडावा असं मला का वाटलं, ते आधी सांगतो. पेटी म्हणजे काय हे समजावून सांगावं न लागणारे श्रोते महाराष्ट्रात फार ठिकाणी मिळत नाहीत. मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, वेंगुर्ले या तालुक्यांत भजनमंडळ नाही अशी वाडी शोधावी लागेल. डबलबारीला तुम्ही रात्र रात्र बसता. समोरासमोर दोन मंडळं, आणि बुवा स्वतः पेटीवर. गाणारा तोच, वाजवणारा तोच, आणि समोरच्या बुवाला उत्तर देणाराही तोच. दशावतारात तर पेटीवाल्याची खरी कसोटी. नट रंगमंचावर येतो, स्वतःच्या मनातल्या पट्टीत पद उचलतो, आणि पेटीवाल्याला त्याच क्षणी तिथे पोहोचावं लागतं. आज राजाचा पार्ट काळी चारमध्ये, तर स्त्रीपार्टी वेगळ्याच पट्टीत. लिहिलेलं काही नाही, तालीम नाही, आणि जत्रेच्या रात्री चूक झाकायला पडदाही नाही. ‘तुका पेटी वाजवक येता मा?’ हा प्रश्न इथे पोरांना लहानपणीच विचारला जातो, आणि होकार देणारं पोर मंडळात मानाने बसतं.

नावंही पाहा. ज्येष्ठ पेटीवादक पुरुषोत्तम वालावलकर यांच्या आडनावातलं वालावल आपल्या कुडाळ तालुक्यातलं. बोरकरांचे गुरू मधुकर पेडणेकर, ज्यांना सगळं जग पी. मधुकर म्हणून ओळखतं, त्यांच्या आडनावातलं पेडणे तेरेखोलच्या पलीकडे. बेळगावात ज्यांनी पेटीचा दरारा निर्माण केला त्या विठ्ठलराव कोरगावकरांचं कोरगाव पेडण्यातलंच. बोरी जुवारीच्या काठचं, फोंडा तालुक्यातलं, कविवर्य बा. भ. बोरकरांचंही ते गाव. कुडाळपासून जुवारीपर्यंतची ही चिंचोळी पट्टी. तिने पेटीला जेवढे हात दिले, त्याची नोंद आपण कुठे नीट केलेली नाही.

आणि याच पट्टीत दुसरी एक घडामोड शेजारी चालू होती. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन, पियानो शिकवत. त्या शिक्षणातून तयार झालेली माणसं मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, वाद्यवृंदाची रचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली ठळक नावं. मंदिर आणि घराच्या ओसरीवर वाढलेल्या मुलांना मात्र हे शिक्षण मिळत नव्हतं. त्यांच्या वाट्याला पेटी आली. दोन्हीकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सारख्याच, पण शिकायच्या वाटा अगदी वेगळ्या.

पियानोचा उल्लेख मी मुद्दाम केला. युरोपात पियानोवादकाच्या कारकिर्दीची एक ठरलेली मांडणी असते. तो कुणाकडे शिकला हे आधी सांगतात, मग त्याच्या मैफली, मग त्याचे शिष्य. बेथोव्हेनकडे कार्ल चेर्नी शिकला, चेर्नीकडे फ्रान्झ लिस्ट शिकला, चेर्नीकडेच थिओडोर लेशेटिझ्की शिकला, आणि लेशेटिझ्कीच्या व्हिएन्नातल्या घरी पाडेरेव्स्की आणि आर्तुर श्नाबेल घडले. लेशेटिझ्की स्वतः उत्तम वाजवत असे, पण आज त्याचं नाव उरलं आहे ते शिष्यांमुळे. तिकडे ही वंशावळ विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. आपल्याकडे गायकांची घराणी आपण अशीच सांगतो. पेटीवादकाचं मात्र ‘साथीला अमुक’ एवढ्यावर भागवतो, आणि ‘अमुक’ कुणाकडे शिकला हे विचारत नाही.

आता थोडं वाद्याबद्दल, कारण वाद्याची अडचण समजल्याशिवाय वादकाचं मोठेपण कळत नाही.

पियानोत तार असते, पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि नाद लगेच विरू लागतो. पेटीत पितळेची पातळ जीभ असते, पितळी पट्टीवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली. हवा सुटली की ती थरथरते आणि भाता चालू असेपर्यंत थरथरत राहते. पॅरिसच्या अलेक्झांदर दबेन याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम घडवलं. ते खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत, दोन्ही हातांनी वाजवायचं वाद्य. आपल्या दशावतारातली पायपेटी त्याच कुळातली. १८७५ साली द्वारकानाथ घोष यांनी कोलकात्यात सुरू केलेल्या ‘द्वारकिन’ या दुकानाने ते हातपेटीच्या रूपात मांडीशी आणलं, आणि पुढे देशभर ते पसरलं. मुंबईत १९२५ पासून हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारख्या कारखानदारांनी पेट्या बनवल्या. सूर, म्हणजे या पितळी जिभा, आधी पॅरिसहून, जर्मनीहून येत. आजही जुन्या पेटीत पॅरिसचे सूर आहेत म्हटलं की जाणकाराचे डोळे चमकतात. पुढे गुजरातेत पालिताण्याला सूर तयार होऊ लागले. खर्ज-नर, खर्ज-नर-मादी अशा सुरांच्या जोड्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेत. सूर लावणारा कारागीर जिभेचं टोक घासून सूर चढवतो आणि बुडाशी घासून उतरवतो. केसाएवढा जास्त घासला गेला तर सगळं काम बिघडतं.

हातपेटीने बसून वाजवण्याची सोय दिली आणि त्याबदल्यात एक हात काढून घेतला. डावा हात भात्यावर गेला. पियानोवादकाला दहा बोटं मिळतात, आपल्या वादकाला पाच. पियानोत बोटाच्या जोरावर आवाज लहानमोठा होतो. पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, फरक पडत नाही. आवाजाचं सगळं कमी-जास्त भात्यात. म्हणून पेटी शिकवणाऱ्याचं पहिलं काम डावा हात शिकवणं हे असतं. भाता धाप लागल्यासारखा वाजला तर गाणं धापा टाकतं. गायक श्वास कुठे घेतो, स्वर कुठे फुलवतो, कुठे सोडतो, ते डाव्या हाताला कळलं पाहिजे. उजव्या हाताची हुशारी लोकांना दिसते, डाव्याचं शहाणपण फक्त ऐकू येतं.

आणि मग मींडेची अडचण. एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंत अखंड घसरत जाणं हा आपल्या गाण्याचा प्राण, आणि पेटीला तेवढंच जमत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे रस्ता नाही. यावर वादकांनी काय केलं? पुढची पट्टी दाबली जाईपर्यंत आधीची सोडायची नाही, म्हणजे स्वर तुटत नाही. कण, मुरकी, खटका यांच्या आधाराने घसरण सुचवायची. त्या क्षणी भाता किंचित सैल करायचा, म्हणजे कानाला जोड जाणवत नाही. यासाठी अंगठ्याचा वापर बारकाईने शिकावा लागतो. अंगठा बोटांच्या खालून कधी न्यायचा, हे ठरलेलं नसेल तर जलद तानेत हात अडखळतो. युरोपात हा धडा कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवला आणि अंगठ्याला बोटांमध्ये मुख्य स्थान दिलं. आपल्याकडे तो धडा गुरूच्या हाताकडे पाहून शिकला जातो, म्हणून गुरू नसेल तर तो धडाच राहून जातो.

सर्वांत मोठा आक्षेप स्वरांच्या जागेवर. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गांधार साधारण ३८६ व्या भागावर पडतो. पेटीत बारा स्वर सारख्या अंतरावर बसवले की तो ४०० वर जातो. चौदा भागांचा हा फरक गायकाच्या कानाला टोचतो. रवींद्रनाथ ठाकुरांना पेटी नकोशी होती. आनंद कुमारस्वामींनी तिच्यावर टीका केली. दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचं काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लेख लिहिला. आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ही बंदी अंशतः उठली १९७१ मध्ये, तीही साथीपुरती. स्वतंत्र वादनाला दार बंदच राहिलं.

बंदी आली तेव्हा बोरीतले तुळशीदास पाच वर्षांचे होते. बंदी सैल झाली तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. कलावंताचा हात घडतो, नाव होतं, गावोगावी पोहोचतं, ती सगळी वर्षं यात आली. त्या काळात रेडिओ हे नाव होण्याचं मुख्य साधन होतं. गायकाला, सतारियाला, सारंगियाला ते उपलब्ध होतं. पेटीवाल्याला नव्हतं. असं असूनही एखाद्या तरुणाने आयुष्य पेटीला द्यावं, याला मी असामान्य निष्ठा म्हणतो. आक्षेपात तथ्य होतं, हे मी मान्य करतो. गांधाराचा फरक खरा आहे. पण उपाय वाद्य हद्दपार करण्यात नव्हता, कान तयार करण्यात होता. ज्यांनी पेटीवर राग मांडला त्यांनी सूर लावण्याचाही विचार केला. एकच षड्ज पक्का धरून त्याला जुळते स्वर लावून घेण्याची पद्धत मराठी वादकांत ‘गांधार ट्यूनिंग’ नावाने रुळली. त्यात पेटी गोड लागते, पण षड्ज बदलता येत नाही, ही त्याची किंमत. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. मनोहर चिमोटे यांनी तर वाद्याच्या रचनेपासून नावापर्यंत नव्याने विचार केला. ही सगळी मंडळी आक्षेपाला कामाने उत्तर देत होती.

आणि बंदीच्या काळात पेटी जिवंत ठेवली कुणी? नाटक कंपन्यांनी, कीर्तनकारांनी, भजनीबुवांनी आणि दशावताऱ्यांनी. म्हणजे तुम्ही. दिल्लीत बसलेल्या जाणकारांनी नाकारलेलं वाद्य सिंधुदुर्गातल्या देवळांच्या सभामंडपात रात्रभर वाजत होतं.

स्वतंत्र पेटीची परंपरा बोरकरांच्या आधीपासूनची. ग्वाल्हेरचे भैय्या गणपतराव ठुमरीत पेटी बोलवत. महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे आले, ज्यांनी भास्करबुवा बखल्यांचं गाणं पेटीत आणलं, १९११ साली ‘मानापमान’ला चाली दिल्या, १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी उभी केली. त्यांनी पेटीला बैठकीत मधोमध बसवलं. त्यानंतर पी. मधुकर. त्यांच्या पेटीच्या तबकड्या निघाल्या, आणि त्या ऐकून कितीतरी माणसं पेटीकडे वळली. पेटीला गळा आहे असा भास त्यांच्या बोटांनी दिला. गोविंदराव पटवर्धन, ज्यांनी नाट्यसंगीताच्या साथीत मराठी रसिकांवर कायमची छाप सोडली, तेही याच वाऱ्यात वाढले. अप्पा जळगावकर पुण्यात, वसंत कनकापूर धारवाडला, रामभाऊ विजापुरे बेळगावला. ही नावं मी भरभर घेतो आहे; प्रत्येकावर एकेक व्याख्यान व्हायला हवं.

आता बोरकर. पेटीचे पहिले धडे त्यांना आईने दिले. जयश्रीबाई हे त्यांचं नाव. गुरूंच्या यादीत आईचं नाव पहिलं असणं, ही आपल्या संगीताच्या इतिहासात वाटते तेवढी दुर्मीळ गोष्ट नाही. आपण ती लिहीत नाही म्हणून दुर्मीळ वाटते. पुढे त्यांना छोटा गंधर्वांचा सहवास मिळाला. छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे, मराठी रंगभूमीवरचा अत्यंत तरल, लवचीक गळा. अशा गायकाजवळ राहणाऱ्या पेटीवाल्याला शब्द टाकायची जागा, स्वर लडिवाळपणे वळवायची जागा, श्वासागणिक शिकायला मिळते. त्यानंतर पी. मधुकरांची तालीम. तिथे हात घडला. आणि शिवाय आग्रा घराण्याचे खादिम हुसेन खाँ यांच्याकडे गाण्याची तालीम.

हे तीन गुरू एकत्र पाहा. एक नाट्यगायक, एक पेटीवादक, एक ख्यालगायक. यातून बोरकरांची दृष्टी कळते. त्यांना पेटीपुरतं पेटी शिकायचं नव्हतं. पेटीत जे नाही ते गळ्यातून आणायचं होतं. आग्रा घराण्यात बंदिशीला फार मान. नोमतोम, लयीशी खेळ, बोल-बनाव, शब्दांचं वजन. हे सगळं ज्याने गळ्यातून घेतलं, त्याची बोटं पट्टीवर फक्त स्वर दाबत नाहीत, तिथे आकार आणि उच्चार येतो. पट्टी कितपत लवकर सोडायची, यातून पेटीवर व्यंजनाचा भास होतो. ‘त’ आणि ‘म’ पेटीवर वेगळे ऐकू येऊ शकतात. हे तुमच्यातल्या जाणत्या भजनीबुवांना सांगावं लागणार नाही. पटत नसेल तर पुढच्या बारीच्या वेळी कान देऊन ऐका.

बोरकरांनी साथही केली आणि स्वतंत्र वादनही केलं. दोन्ही विद्या वेगळ्या आहेत, आणि एक येते म्हणून दुसरी येतेच असं नाही. साथीत वादकाला गायकाच्या अर्धं पाऊल मागे राहायचं असतं. पुढे गेलात तर गायकाचा रस्ता अडवलात, फार मागे राहिलात तर आधार गेला. गायक ख्यालाच्या मध्येच थांबतो तेव्हा त्याने सोडलेला स्वर धरून ठेवायचा, त्याला दोन श्वास विश्रांती द्यायची, आणि तो परत आला की जागा रिकामी करून द्यायची. गायकाला सुचलेलं नसेल ते सुचवायचं नाही. आणि कधी अगदी नेमक्या क्षणी एखादी जागा अशी द्यायची की गायक मान डोलवून तिथून पुढे जाईल. स्वतंत्र वादनात हे सगळं उलटं. तिथे राग उभा करायची जबाबदारी पूर्ण वादकाची. आलाप, गत, ताना, लय वाढवत नेणं, आणि एवढं सगळं अशा वाद्यावर ज्याला मींड नाही. साथीला नम्रता लागते, स्वतंत्र वादनाला धाडस. एकाच माणसात दोन्ही पुरेशा प्रमाणात असणं कठीण. माझ्या मते बोरकरांचं वादक म्हणून महत्त्व इथे आहे. साथीच्या जागेवरून उठून ते स्वतंत्र वादनाकडे गेले, पण साथीत शिकलेली ऐकण्याची सवय त्यांनी सोडली नाही. त्यांच्या स्वतंत्र वादनातही आधी एक गायक गातो आहे आणि पेटी त्याच्यामागे चालली आहे, असं वाटत राहतं. ते गाणं त्यांच्या आतलं.

आता ज्यासाठी मी इथवर आलो त्याकडे वळतो.

बोरकरांनी जन्मभर शिकवलं. सुधीर नायक त्यांचे शिष्य. आज हिंदुस्थानी ख्यालाच्या मैफलीत साथीला आणि स्वतंत्र वादनातही त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. सीमा शिरोडकर त्यांच्या शिष्या. मोठमोठ्या गायक-गायिकांच्या मैफलीत पेटीवर एक स्त्री बसलेली दिसू लागली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. केदार नाफडे त्यांचे शिष्य. ते अमेरिकेत राहतात, तिथे वाजवतात. एकाच गुरूचे हे तीन शिष्य ऐकले तर तिघांचं वाजवणं एकसारखं नाही. चांगल्या गुरूची ओळख मला यात दिसते. हात सारखा घडवता येतो, मन नाही, आणि मनाला मोकळं सोडायचं धाडस गुरूने दाखवावं लागतं.

पेटीच्या गुरूला गायनाच्या गुरूपेक्षा एक काम जास्त असतं. गायनाचा विद्यार्थी बेसूर झाला तर लगेच कळतं. पेटीचा विद्यार्थी बेसूर होऊच शकत नाही, कारण सूर आधीच लावलेला आहे. म्हणून त्याचा कान आळशी राहण्याची भीती असते. पट्टी दाबली की स्वर मिळतो; तो का मिळाला, तंबोऱ्याशी त्याचं नातं काय, हे विचारण्याची गरज वाटत नाही. म्हणूनच जाणता गुरू विद्यार्थ्याला आधी गायला लावतो. बंदिश गळ्यातून आल्याशिवाय पट्टीवर ठेवू देत नाही. खादिम हुसेन खाँसाहेबांकडे स्वतः गाणं शिकलेल्या गुरूकडे ही शिस्त आपोआप येते.

बेळगावच्या रामभाऊ विजापुऱ्यांचं उदाहरण याच्या जोडीला ठेवतो. त्यांनी १९३८ साली बेळगावात श्रीराम संगीत महाविद्यालय काढलं आणि २०१० साली, त्र्याण्णव वर्षांचे होऊन जाईपर्यंत, ते शिकवत राहिले. त्यांनी सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून गाण्याची तालीम घेतली होती. रवींद्र काटोटी, रवींद्र माने, सुधांशु कुलकर्णी ही त्यांच्या शिष्यांतली नावं. बोरकर मुंबईत, विजापुरे बेळगावात. दोघांनीही पेटी गळ्यातून शिकवली, आणि दोघांच्याही पाठीमागे आपल्या या मुलखाचा धागा आहे. वझेबुवा इथले. आचरेकर इथले, कुमार गंधर्वांच्या तबल्यावर वर्षानुवर्षं बसलेले वसंतराव आचरेकर, ज्यांच्या नावाचं प्रतिष्ठान कणकवलीत काम करतं. मालवणात मामा वरेरकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. म्हणजे या मातीने संगीताला माणसं दिली आहेत आणि त्यांची आठवण ठेवायची रीतही आपल्याकडे आहे. एकच गोष्ट नाही. पेटीचं शिस्तशीर शिक्षण.

हे मला स्पष्टच बोललं पाहिजे. इथे मुलं पेटी ऐकून शिकतात, आणि फार लवकर शिकतात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गजर, अभंग, गवळण, नाट्यपद सगळं वाजवतो. त्याचा कान तयार आहे, लय अंगात आहे, गर्दीपुढे बसायची भीती नाही. संगीत विद्यालयातल्या मुलाकडे यातलं काहीच सहसा नसतं. पण आपला मुलगा तिथेच थांबतो. त्याचा अंगठा पट्टीच्या बाहेर लटकत राहतो, त्याचा भाता दणकतो कारण त्याला पखवाज आणि झांजांच्या वर ऐकू जायचं असतं, त्याला यमन माहीत असतो पण दहा मिनिटं यमनात राहता येत नाही. आणि अलीकडे वेगाची स्पर्धा लागली आहे. भराभर ताना मारल्या की टाळ्या. ज्याला दहावीत असताना एवढं येतं, त्याला तीन-चार वर्षांची खरी तालीम मिळाली तर काय होईल, याचा विचार व्हायला हवा. बोरकरही अशाच एका गावातून आले. त्यांना आई मिळाली, मग छोटा गंधर्व मिळाले, मग मधुकर मिळाले. आपल्या मुलांना पुढचा गुरू मिळत नाही, एवढाच फरक आहे. बुद्धीत फरक नाही.

मुलींबद्दलही. महिला भजनमंडळं इथे जोरात आहेत, पण त्यांतही पेटीवर बऱ्याचदा कुणीतरी भाऊ नाहीतर काका बसलेला दिसतो. बोरकरांची पहिली गुरू एक स्त्री आणि त्यांच्या नामवंत शिष्यांत एक स्त्री. हे लक्षात ठेवून घरातल्या मुलीच्या पुढ्यात पेटी ठेवा.

मला इथल्या शाळांच्या व्यवस्थापनांना, ग्रामपंचायतींना आणि देवस्थानांच्या विश्वस्तांना काही मागायचं आहे. खर्चाची मोठी मागणी नाही. प्रत्येक हायस्कूलमध्ये एक चांगली, दरवर्षी सूर लावून घेतलेली पेटी आणि एक तंबोरा असावा. तंबोरा परवडत नसेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालेल. आठवड्यातून दोन दिवस शिकवायला गाणं जाणणारा पेटीवादक यावा, त्याला मानधन मिळावं, आणि त्याने आधी गायला शिकवावं. ज्येष्ठ बुवांनी आपल्या हाताखालच्या पोराला ‘आता तू कुणाकडे तरी जाऊन शीक’ असं सांगायला कमीपणा मानू नये. आचऱ्याच्या रामेश्वराच्या उत्सवापासून गावोगावच्या जत्रांपर्यंत, जिथे जिथे गाण्याची बैठक होते, तिथे सुरुवातीला अर्धा तास स्वतंत्र पेटीला द्यावा. इथलीच मुलं वाजवतील. पहिली दोन वर्षं कच्चं वाजेल. ऐकून घ्या.

आणि या व्याख्यानमालेच्या संयोजकांना एक विनंती. पुढच्या वर्षी वक्त्याला बोलवाल तेव्हा त्याला अर्धा तास उशिराची वेळ द्या, आणि तो अर्धा तास मालवण तालुक्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या किंवा विद्यार्थिनीच्या पेटीसाठी राखून ठेवा. कार्यक्रमपत्रिकेवर वादकाच्या नावाखाली त्याच्या गुरूचं नावही छापा.